मांडीवरून छातीवर : अझरबैजानच्या 'तार'ची जडणघडण

'तार' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. विजेची तार, कुंपणाची तार, तंबोऱ्याची जुळवलेली तार, आणि एके काळी पोस्टातून येऊन घरादाराच्या काळजात धस्स करणारी तार. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावरच्या अझरबैजान देशात मात्र 'तार' म्हटले की डोळ्यांसमोर एक अख्खे वाद्य येते. लांब दांडीचे, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पोटाचे, अकरा तारांचे आणि छातीशी आडवे धरून वाजवायचे. त्या देशाच्या एक मानातच्या नोटेवर कमांचा आणि डफ यांच्या जोडीने हे वाद्य छापलेले आहे. चलनी नोटेवर जागा मिळालेली वाद्ये जगात फार नसतील.

वाद्यांच्या नावांचा माग काढण्याचा मला जुना नाद आहे. सतारीच्या शब्दांवरून मागे मागे जाताना मी तारपाशी पोचलो आणि तिथेच बराच काळ रेंगाळलो. कारण या वाद्याने एक प्रश्न समोर ठेवला. तारची ओळख सगळीकडे 'पारंपरिक वाद्य' अशी करून दिली जाते. पण तिचा आजचा आकार जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. ती शाळेत बसून, स्वरलिपी समोर ठेवून शिकायची पद्धत तर त्याहूनही अलीकडची. मग या वाद्यात पारंपरिक म्हणावे असे नेमके काय आहे? माझे उत्तर असे की, बैठक, रंगभूमी आणि राज्यसत्ता या तिघांनी तारकडे वेगवेगळ्या मागण्या केल्या. प्रत्येक मागणीला तारने जे उत्तर दिले, ते तिच्या अंगावर आणि वादनात उमटून राहिले. या उत्तरांची साखळी म्हणजेच तारची परंपरा. हा लेख त्या साखळीविषयी आहे.

ओळखीचे शब्द

आधी शब्दांकडे पाहू. तारच्या दांडीवर जे पडदे बांधलेले असतात त्यांना अझरबैजानी भाषेत 'पर्दे' म्हणतात. आपण सतारीचे 'पडदे' म्हणतो. तार छेडायच्या साधनाला ते 'मिझराब' म्हणतात, आपणही 'मिजराब' किंवा 'नखी' म्हणतो. फारसीत 'तार' म्हणजे तंतू. दोन तंतूंचे ते दोतार, तीन तंतूंचे ते सेतार, आणि त्या 'सेतार'वरून आपल्या सतारीचे नाव आले.

मला सर्वांत गंमत वाटली ती 'खरक' या शब्दाची. ज्या छोट्या पुलावरून तारा जातात आणि ज्याच्यामार्फत त्यांचे कंपन वाद्याच्या पोटात उतरते, त्याला आपण 'घोडी' म्हणतो. तिकडे त्याला 'खरक' म्हणतात. फारसीत 'खर' म्हणजे गाढव आणि 'खरक' म्हणजे लहानसे गाढव. तारांचे ओझे पाठीवर वाहणाऱ्या लाकडाच्या तुकड्यात आपल्या कारागिरांना घोडी दिसली आणि त्यांच्या कारागिरांना गाढव दिसले. कल्पना एकच, जनावर वेगळे.

शब्द सारखे असले म्हणजे वाद्ये सारखी असतात असे नाही. मिरजेत सतारी घडवणाऱ्या एका जुन्या कारागिरांना मी तारचे फोटो दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "दांडी आमच्याकडची, पण पोट सरोदाचं." एका वाक्यात त्यांनी मुद्दा सांगून टाकला. सतारीच्या भोपळ्यावर लाकडाची तबली असते. तारच्या तोंडावर सरोदासारखे चामडे ताणलेले असते. दांडीवर मात्र सतारीप्रमाणे पडदे असतात, सरोदाला ते नसतात.

घडण

तारची लांबी साधारण ८५ सेंटीमीटर. पोट तुतीच्या लाकडाचे. रेशमाच्या किड्यांना पाला घालण्यासाठी या भागात पिढ्यान्‌पिढ्या तुती लावली गेली, त्यामुळे तुतीचे लाकूड कारागिराच्या हाताशी असते. ओंडका आतून कोरून त्याच्या एकमेकांना जोडलेल्या दोन वाट्या करतात, खाली मोठी आणि वर लहान. दांडी आणि खुंट्या अक्रोडाच्या लाकडाच्या. आपल्याकडे पंढरपूर भागातला भोपळा आणि तुणीचे लाकूड सतारीसाठी एकत्र येतात, तसे तिकडे तुती आणि अक्रोड.

दोन्ही वाट्यांच्या तोंडावर जे पातळ कातडे ताणतात ते बैलाच्या हृदयावरचे आवरण असते. अतिशय पातळ, तरीही चिवट. घोडी उभी राहते ती या कातड्यावर. इराणी तारवर बहुधा कोकराचे कातडे असते आणि दोन्ही वाद्यांच्या आवाजातला फरक इथूनच सुरू होतो.

तारा अकरा. त्यांतल्या सहा मुख्य, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. पोलादाच्या पांढऱ्या तारांची जोडी, पितळी पिवळ्या तारांची जोडी आणि तिसरी आणखी एक जोडी. त्यांच्या बाजूला खर्जाची एक स्वतंत्र तार. उरलेल्या चार तारा आखूड असतात. त्या दांडीच्या मध्यावर बसवलेल्या धातूच्या लहान आधारांवरून येतात. त्यांना 'झंग' म्हणजे घंटा असे नाव आहे आणि त्या वाजतातही तशाच, किणकिणत्या.

दांडीवर २२ पडदे बांधलेले असतात. हा आकडा पाहून आपल्या २२ श्रुती आठवण्याचा मोह होतो. पण त्यांचा इथे काही संबंध नाही. तारवर एका सप्तकात १७ स्वरस्थाने येतात. उरलेले पडदे पुढच्या सप्तकातले. म्हणजे एका तारेवर एक सप्तक आणि वर थोडी जागा असा हिशेब. पडदे बांधलेले असल्याने ते किंचित सरकवता येतात, आणि पुढे सांगायच्या गोष्टीत या सरकवण्याला महत्त्व आहे.

मिझराब सतारीसारखी बोटात घालायची नसते. शिंगाचा, हाडाचा किंवा प्लास्टिकचा छोटा तुकडा अंगठा आणि बोटे यांच्यात धरून वर-खाली आघात करायचे. चामड्याच्या तोंडामुळे आवाज चटकन उठतो आणि तितक्याच चटकन विरतो. सतारीत एका आघातावर तार ओढून लांबलचक मींड घेता येते. तारवर तसे जमत नाही. सूर टिकवायचा तर भराभर वर-खाली आघात करावे लागतात, किंवा वाद्यालाच हलका झोका देऊन सुराला कंप द्यावा लागतो. हा झोका देता येतो तो वाद्य छातीशी धरल्यामुळे. आणि ते छातीशी कसे आले, ही गोष्ट एका माणसाची आहे.

शुशाचा सादिगजान

काकेशस पर्वताच्या दक्षिणेला काराबाख नावाचा प्रदेश आहे. तिथे डोंगरमाथ्यावर शुशा हे तटबंदीचे शहर. एकोणिसाव्या शतकात हे गाव गवयांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. श्रीमंतांच्या घरी 'मजलिस' भरायची, म्हणजे निवडक जाणकारांची बैठक. काव्य, गाणे आणि त्यावरची चर्चा. मीर मोहसून नव्वाब यांच्यासारखा कवी, चित्रकार आणि संगीतशास्त्रकार याच गावचा. त्यांनी १८८४ मध्ये संगीतावर ग्रंथ लिहिला.

या शुशामध्ये १८४६ मध्ये मिर्झा सादिग असदओग्लू जन्मला. असदओग्लू म्हणजे असदचा मुलगा. लोक त्याला प्रेमाने सादिगजान म्हणत. तो आधी गात असे आणि आवाज गेल्यावर वाद्याकडे वळला, असे सांगितले जाते. १८७० च्या सुमारास त्याने तारवर जे प्रयोग केले, त्यांतून आजची अझरबैजानी तार उभी राहिली.

त्याच्या आधीची तार म्हणजे इराणी तार. पाच तारांची, खोल पोटाची, मांडीवर ठेवून वाजवायची. सादिगजानने पोटाची खोली कमी करून वाद्य हलके केले. तारांची संख्या वाढवत त्याने ती अठरापर्यंत नेऊन पाहिली, असे म्हणतात. त्यांतून अकरा टिकल्या. त्याने झंग तारा घातल्या, पडद्यांची मांडणी बदलली, आणि वाद्य मांडीवरून उचलून छातीशी आणले.

हे सगळे बदल एकमेकांत गुंतलेले आहेत. चामड्याचा आवाज लवकर विरतो, म्हणून त्याच्याभोवती गुंजणाऱ्या जास्तीच्या तारा. जास्त तारा म्हणजे जास्त ताण, आणि तो पेलणारी दांडी. वाद्य छातीशी धरायचे तर पोट उथळ आणि हलके हवे. छातीशी धरले की उजव्या हाताच्या कोपराने पोट दाबून ठेवता येते, दांडीला झोका देता येतो आणि वादक गायकाकडे तोंड करून बसू शकतो. एकाच दुरुस्तीने भागले नसते. त्याने वाद्याचा पूर्ण तोल नव्याने मांडला.

आणि हे सगळे कशासाठी? गायकासाठी. मजलिशीत मुख्य मान गाणाऱ्याचा, आणि तार त्याच्या गळ्याची सोबतीण. गायकाच्या तारस्वराला पुरे पडेल आणि तो श्वास घेईल तेव्हा पोकळी भरून काढेल, असा आवाज बैठकीला हवा होता. तारने पहिले उत्तर दिले ते या मागणीला.

या काळाची एक राजकीय बाजूही ध्यानात घ्यायला हवी. १८१३ चा गुलिस्तानचा आणि १८२८ चा तुर्कमनचायचा, अशा दोन तहांनी आरास नदीच्या उत्तरेचा मुलूख इराणकडून रशियाकडे गेला. एकच भाषा बोलणारे लोक दोन साम्राज्यांत विभागले गेले. तब्रीझ दक्षिणेला राहिले, शुशा आणि बाकू उत्तरेला. गवई आणि वादक नदी ओलांडून येत-जात राहिले, पण उत्तरेतल्या वाद्याला वेगळी वाट धरायला मोकळीक मिळाली. दक्षिणेतही तार बदलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेहरानच्या दरवीश खान यांनी तिला सहावी तार जोडली. पण तिचे पोट खोलच राहिले आणि जागा मांडीवरच राहिली.

मुगामची सोबत

सादिगजानने जे वाद्य घडवले ते 'मुगाम'साठी. मुगाम म्हणजे अझरबैजानचे रागसंगीत म्हणायला हरकत नाही, मात्र सांभाळून. अरबी-फारसी 'मकाम' या शब्दाचेच ते रूप. रास्त, शूर, सेगाह, चाहारगाह, बयाती-शिराझ, शुश्तर आणि हुमायून हे त्यांतले सात प्रमुख. प्रत्येकाची स्वररचना ठरलेली, प्रत्येकाचा भाव ठरलेला, आणि आत एकामागून एक येणारे टप्पे ठरलेले. टप्प्यांची चौकट पाठ असते, पण चौकटीत काय भरायचे ते कलावंताने त्या वेळी ठरवायचे असते. तालाविना चालणाऱ्या या विस्तारात मध्ये मध्ये 'तस्नीफ' हे तालबद्ध गीत आणि 'रंग' हा केवळ वाद्यांवर वाजणारा तालबद्ध तुकडा येतो. ऐकणाऱ्याला विसावा, गाणाऱ्यालाही.

मुगाम सादर करतात तिघे. गायक म्हणजे 'खानंदा', त्याच्या हातात 'गावाल' नावाचा डफ. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला 'कमांचा' हे गजाने वाजवायचे उभे वाद्य. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांत गाजलेले त्रिकूट होते जब्बार गार्यागदीओग्लू यांचे. ते स्वतः खानंदा, तारवर सादिगजानचा शिष्य गुर्बान पिरिमोव, आणि कमांचावर साशा ओगानेझाश्विली. हा तिसरा कलावंत आर्मेनियन होता आणि तिफ्लिसमध्ये वाढला होता. या त्रिकुटाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि सादिगजानचे वाद्य शुशाच्या मजलिशीतून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत पोचले.

रंगभूमीची मागणी

जानेवारी १९०८ मध्ये बाकूत 'लेयली आणि मजनून' हा ऑपेरा रंगमंचावर आला. संगीतकार उझेयिर हाजीबेयोव तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि शुशातच वाढलेले. कथा सोळाव्या शतकातल्या फुझुली या कवीच्या काव्यावर आधारलेली. मुस्लिम पूर्वेतला पहिला ऑपेरा म्हणून त्याचा उल्लेख होतो.

या ऑपेराची युक्ती मराठी रसिकाला लगेच कळेल. हाजीबेयोव यांनी वृंदाचे आणि समूहगानाचे भाग लिहून दिले. पण नायक-नायिकांच्या मुख्य गायनाच्या जागी त्यांनी बहुतेक ठिकाणी फक्त मुगामचे नाव ठेवले. या जागी हा मुगाम गावा, एवढेच. पुढचे काम गायकाचे आणि सोबतीच्या तारचे. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल छापलेली असते आणि बाकीचे नटाच्या गळ्यावर सोपवलेले असते, तसाच हा प्रकार. सारखेपणा इथेच संपत नाही. पहिल्या प्रयोगात लेयलीचे काम पुरुषाने केले होते, कारण मुस्लिम स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे त्या समाजाला तेव्हा मान्य नव्हते. भाऊराव कोल्हटकरांची परंपरा सांगणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

तारच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. दहा-वीस जाणकारांसमोर वाजणारे वाद्य आता तिकीट काढून आलेल्या शेकडो लोकांसमोर, युरोपीय व्हायोलिनांच्या शेजारी बसले. इथे लहर लागेल तितका वेळ विस्तार करून चालत नाही. प्रवेश संपला की थांबावे लागते आणि वृंद सुरू झाला की त्याच्या सुरात सूर मिळवावा लागतो. सादिगजान १९०२ मध्येच गेला होता. त्याने हे पाहिले नाही, पण त्याने वाद्याला दिलेल्या आवाजावाचून ते जमले नसते.

राज्यसत्तेची परीक्षा

१९२० मध्ये अझरबैजानवर सोव्हिएत सत्ता आली. दशक संपता संपता तेथील सगळ्या जुन्या गोष्टींची झाडाझडती सुरू झाली. १९२९ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी सक्तीची झाली. त्याच काळात तारवर खटला उभा राहिला. कोर्टातला नव्हे, वर्तमानपत्रांतला आणि सभांतला. आरोप असे की तार सरंजामदारांच्या मैफलींचे वाद्य आहे, तिचा सूर रडका आहे, नव्या कामगार समाजाच्या उभारणीत तिचा उपयोग नाही, आणि तिच्यावर युरोपीय पद्धतीचे बहुस्वरी संगीत वाजत नाही.

कवीही या वादात उतरले. सुलेमान रुस्तम यांनी तारला गप्प राहायला सांगणारी कविता लिहिली. तिला उत्तर म्हणून १९२९ मध्ये मिकाइल मुशफिग या एकवीस वर्षांच्या कवीने 'ओखू, तार' म्हणजे 'गा, तार' ही कविता लिहिली. तारला तिच्या गाण्याचा हक्क परत देणारी ही कविता अझरबैजानमध्ये आजही घरोघरी माहीत आहे. कवीच्या वाट्याला मात्र वेगळे आले. स्टालिनच्या दमनसत्रात मुशफिगला अटक झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. तेव्हा तो तिशीलाही पोचला नव्हता. कविता हेच त्याच्या मृत्यूचे कारण होते असे म्हणता येणार नाही. त्या वर्षांत कितीतरी लेखक-कलावंत असेच मारले गेले. १९५६ मध्ये त्याच्यावरचा ठपका पुसण्यात आला.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केले आणि ही बंदी १९७१ पर्यंत राहिली. बाकूत तारवर आक्षेप होता की ती फार देशी आहे आणि तिच्यावर युरोपीय संगीत वाजत नाही. दिल्लीत पेटीवर आक्षेप होता की ती परदेशी आहे आणि तिच्यावर भारतीय स्वर वाजत नाहीत. दोन्हीकडचे आक्षेप एकमेकांच्या नेमके उलट, पण दोन्हीकडे एक समजूत समान : कोणते वाद्य समाजाला योग्य, ते वरून ठरवता येते. आणि दोन्हीकडे वाजवणाऱ्यांनी वाजवणे सोडले नाही.

हाजीबेयोव यांनी तारच्या बाजूने जो युक्तिवाद केला तो मुख्यतः कृतीचा होता. तार नव्या काळाला निरुपयोगी आहे असे म्हणता ना? मग ती नव्या काळाचे काम करून दाखवेल. १९३१ मध्ये त्यांनी मुस्लिम मागोमायेव यांच्यासह बाकू रेडिओवर देशी वाद्यांचा वृंद उभा केला. त्यातले वादक स्वरलिपी वाचून वाजवत. १९३५ मध्ये सैद रुस्तमोव यांचे तार शिकवणारे पहिले क्रमिक पुस्तक निघाले. १९३७ मध्ये हाजीबेयोव यांच्या 'कोरओग्लू' ऑपेरात तार सिम्फनी वृंदात बसली. आणि १९५२ मध्ये हाजी खानमामादोव यांनी तार आणि सिम्फनी वृंद यांच्यासाठी पहिला कन्चर्टो लिहिला. ज्या वाद्याला तेवीस वर्षांपूर्वी गप्प बसवायला निघाले होते, ते आता पूर्ण वृंदासमोर मध्यभागी, एकट्याने वाजवायच्या जागी होते.

कमावले आणि गमावले

हा विजय फुकट मिळाला नाही. पियानोच्या सप्तकात बारा समान जागा असतात, तारवर सतरा. बारा जागांच्या वाद्यांबरोबर बसायचे तर मधल्या जागांचे काय करायचे? हाजीबेयोव यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अझरबैजानी लोकसंगीताची मूलतत्त्वे' या ग्रंथात आपल्या संगीताची मांडणी बारा स्वरांच्या हिशेबात बसवली. शिकवायला हे सोयीचे होते, वृंदासाठी आवश्यक होते, आणि त्या काळी संगीत वाचवण्यासाठी कदाचित अटळही होते. पण कागदावर बारा आणि दांडीवर सतरा, ही दुभंग अवस्था तारच्या नशिबी कायमची आली.

ती निभली कशी? याचे उत्तर बांधलेल्या पडद्यांत आहे. धातूच्या पक्क्या पट्ट्या ठोकल्या असत्या तर प्रश्न एकाच बाजूने निकालात निघाला असता. पडदा दोऱ्याने बांधलेला असल्याने वादक तो केसभर वर-खाली घेऊ शकतो, आणि मुगामसाठी लागणाऱ्या मधल्या जागा दांडीवर कायम राहतात. वृंदात बसताना वादक त्या टाळतो, खानंदाशेजारी बसल्यावर वापरतो. आपल्याकडे पेटीच्या साथीने गाणारा गवई पेटीच्या गंधाराला सोडून स्वतःचा गंधार लावतो, तसेच काहीसे.

शिकण्याच्या पद्धतीतही असेच दोन पदर राहिले. शाळेत स्वरलिपी, पण मुगाम मात्र उस्तादासमोर बसून, ऐकून आणि पुन्हा वाजवून. गुर्बान पिरिमोव १९६५ पर्यंत हयात होते. सादिगजानच्या हातून शिकलेला माणूस सिम्फनी वृंदाच्या काळातही ऐकायला मिळत होता. बाकूच्या मन्सूरोव घराण्यातले बहराम मन्सूरोव (१९११ ते १९८५) हे जुन्या मुगामची भांडारे म्हणून ओळखले गेले. दुसरीकडे तारवादक बापाचा मुलगा फिक्रेत अमिरोव याने १९४८ मध्ये 'शूर' आणि 'कुर्द-ओवशारी' हे सिम्फनी-मुगाम लिहिले. त्यांत मुगामचे टप्पे सगळा युरोपीय वृंदच वाजवतो. बापाच्या बोटांतले संगीत मुलाने शंभर माणसांच्या वृंदाकडे सोपवले. तार जिथे नाही तिथेही तारचे वळण ऐकू येते.

तार कोणाची?

आता अवघड प्रश्न. तार इराणमध्ये वाजते, अझरबैजानमध्ये वाजते, आर्मेनिया आणि जॉर्जियातही वाजते. २०१२ मध्ये युनेस्कोने अझरबैजानच्या प्रस्तावावरून 'तार घडवण्याची आणि वाजवण्याची कला' मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतली, तेव्हा इराणमध्ये नाराजी उमटली. काराबाखसाठी अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात युद्धे झाली. सादिगजानचे शुशा १९९२ मध्ये आर्मेनियन सैन्याकडे गेले आणि २०२० मध्ये पुन्हा अझरबैजानकडे आले. प्रत्येक वेळी कुणाला ना कुणाला घरदार सोडून जावे लागले. अशा ठिकाणी वाद्यावरचा हक्क ही नुसती अभ्यासकांची चर्चा राहत नाही.

म्हणून युनेस्कोच्या यादीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती मालकीची नोंद नाही. अमुक समाज ही कला आपला वारसा मानतो आणि जपतो, एवढेच ती म्हणते. दुसरा समाज तेच म्हणू शकतो, आणि दोघे मिळूनही म्हणू शकतात. कमांचाच्या बाबतीत २०१७ मध्ये इराण आणि अझरबैजान यांनी एकत्र नोंद केलीच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला मिळाले ते भौगोलिक मानांकन निराळे. तो कायद्याचा हक्क आहे, आणि तो विशिष्ट गावी घडणाऱ्या वस्तूच्या नावापुरता आहे. त्याने सतार हे वाद्य मिरजेच्या मालकीचे होत नाही, आणि तसा कुणाचा दावाही नाही.

माझ्या मते तारच्या बाबतीत दोन विधाने एकाच वेळी खरी आहेत. तार हे कुळ इराणच्या संगीतातून आले. आणि छातीशी धरायची अकरा तारांची तार शुशामध्ये घडली, बाकूत वाढली. पहिले मान्य केल्याने दुसरे लहान होत नाही. सतारीचे नाव फारसी आहे म्हणून तिच्यावर वाजणारा यमन परका ठरत नाही, तसेच हे. आणि गार्यागदीओग्लू यांच्या त्रिकुटातला आर्मेनियन कमांचावादक विसरला, तर तारच्या इतिहासाचे पान फाडल्यासारखे होईल.

ऐकताना

या लेखानंतर कुणाला तार ऐकावीशी वाटली तर ध्वनिमुद्रणे आता सहज मिळतात. सुरुवात बहराम मन्सूरोव यांच्या एकट्याच्या मुगामवादनाने करावी. घाई नको. 'शूर' किंवा 'सेगाह' घ्यावा. पहिल्या काही मिनिटांत एकाच सुराभोवती फिरणारे आघात ऐकू येतील आणि त्यांच्यामागे झंग तारांची किणकिण. सूर विरत चालला की वादक वाद्याला झोका देतो, तो कंपही ओळखता येतो. मग एखादा खानंदा घ्यावा. गायक थांबतो तिथे तार काय करते याकडे लक्ष द्यावे. ती त्याचेच शेवटचे वाक्य उचलते, थोडे वळवते आणि त्याच्या हाती परत देते. शेवटी रामिझ गुलियेव यांच्यासारख्या वादकाची वृंदाबरोबरची रचना ऐकावी. तेच वाद्य, पण आता बारा स्वरांच्या शिस्तीत आणि पल्लेदार वेगात.

या तिन्ही ध्वनिमुद्रणांत बैठक, रंगभूमी आणि राज्यसत्ता यांच्या मागण्या आणि तारची उत्तरे ऐकू येतात. त्यांतले पहिले तेवढे अस्सल आणि तिसरे भेसळीचे, असे मला वाटत नाही. सादिगजानने पहिल्यांदा तार मांडीवरून उचलली तेव्हा शुशातल्या एखाद्या जुन्या जाणत्याने नाक मुरडलेच असेल. आज तीच बैठक परंपरेची खूण म्हणून नोटेवरच्या वाद्याशी जोडली जाते. वाद्य जुने झाले म्हणून टिकले नाही. पुढच्या माणसाला त्यात हात घालावासा वाटला, म्हणून ते टिकले.